ह्याला कसली घाई लागलीया?

मे महिन्यातली दुपार. बाहेर पाऊल टाकलं तर चप्पल डांबराला चिकटेल असलं ऊन, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून झालेलं, ऑफिसचा कॉल ऐनवेळी कॅन्सल झाला म्हणून मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि मारिओ लावला. आई पलीकडच्या खोलीत शेंगदाणे निवडत बसलेली, पाठ माझ्याकडं. दोनेक मिनिटं झाली असतील नसतील, तिथनंच तिचा आवाज आला, "ह्याला कसली घाई लागलीया रे?" मला वाटलं दारात कुणी आलंय. मग कळलं की ती मारिओच्या गाण्याला म्हणत होती. आता ज्यांनी खेळलंय त्यांना माहिताय, टायमर शंभरवर आला की ते गाणं एकदम पळायला लागतं, पण माझ्या स्क्रीनवर तर अजून तीनशेच्या वर शिल्लक होते, घाईचं गाणं लागायला वेळ होता. म्हणलं, "नेहमीचंच आहे की." तर ती म्हणाली, "न्हाई. ते असं नव्हतं. ते चिरकं होतं, हे घुमायलंय." आणि परत शेंगदाण्यात.

आईनं आयुष्यात एकदाही मारिओ बघितलेला नाही.

खरंच नाही. सोलापुरात, साखर पेठेत, आमची दोन खोल्यांची भाड्याची जागा होती, खाली मालकांचा चार मागांचा कारखाना आणि वर आम्ही. टीव्ही भिंतीतल्या फळीवर, ब्लॅक अँड व्हाइट, छोटा. आई दाराकडं तोंड करून बसायची कारण उजेड तिथनं यायचा, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं आणि कात्री. टीव्ही तिच्या पाठीमागं. हजार विड्या वळायच्या म्हणजे मान वर करून चालत नाही, आणि मान वर न करता जे काय कळतं ते सगळं कानानं. खालचा कुठला माग थांबला हे तिला वरनं कळायचं, जिन्यात पाय वाजला की पप्पा आहेत का दादा हे कळायचं, आणि मारिओ मेला की तेही कळायचं. तिची ती सिस्टीमच होती. आम्ही खेळत असताना हाक मारली तर आम्ही उठत नाही हे तिनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं, म्हणून ती हाक मारायचीच नाही, वाट बघायची. मारिओ खड्ड्यात पडला, ती मेल्याची धून वाजली की संपली की लगेच, "मेला ना? ऊठ मग, दोऱ्याचं रीळ आण." किंवा दूध. किंवा शेजारच्या अम्मांकडनं कात्री. एकदा दादानं डोकं चालवलं आणि टीव्हीचा आवाजच बंद केला. आई म्हणाली, "आवाज का बंद केलास? मरायला लागला व्हय?"

तर असल्या कानाच्या बाईनं सांगितलं की हे ते नाही. आणि मला ते दिवसभर टोचत राहिलं, कारण मी ह्या नादाला लागून आता सात आठ वर्षं झालीत आणि हे सगळं मी 'जसंच्या तसं' परत मिळावं म्हणूनच करतो अशी माझी समजूत होती.

नाद म्हणजे काय, तर जुन्या टीव्ही गेमचा नाद. सुरुवात सगळ्यांसारखी इम्युलेटरनं झाली, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, कॉलेजच्या लॅबमध्ये कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधनं. त्या पंधरा मिनिटांत मला कळलं की आमच्या '९९९९ इन १' कॅसेटमध्ये मुळात वीसएक गेम होते आणि बाकी सगळे तेच, नुसती लेव्हल बदललेली. (दादा अजून मानायला तयार नाही. तो म्हणतो तू पुढची पानं उलटलीच नाहीस.) निन्टेन्डो हे मारिओ बनवणाऱ्या कंपनीचं नावसुद्धा तेव्हाच वाचलं. आमच्या कॅसेटमध्ये पहिल्या स्क्रीनवरचं ते नाव खोडलेलं होतं आणि ती जागा रिकामी होती, ती रिकामी जागा आम्हाला डिझाइनच वाटायची. म्हणजे १९८३ साली जपानात फॅमिकॉम नावाचं मशीन निघालं, त्याची नक्कल तैवानच्या चिपा वापरून झाली, ती फिरत फिरत नव्या पेठेतल्या एका दुकानात आली आणि पप्पांनी दिवाळीच्या बोनसमधनं ती घरी आणली, आणि आम्ही तिला फक्त 'टीव्ही गेम' म्हणायचो. कॅसेटी मात्र गड्ड्याच्या जत्रेतनं. संक्रांतीला होम मैदानावर गड्डा भरला की पाळण्याच्या आधी आम्ही कॅसेटीचा स्टॉल शोधायचो, आणि तो दुकानदार कॅसेट लावून दाखवायचा नाही, चित्र बघून घ्यायची. चित्र एका गेमचं, आत भलताच. माझ्या एका कॅसेटवर विमानाचा फोटो होता आणि आत सर्कस.

चोरीचाच माल होता तो सगळा. हे आता कळतं, आणि मला त्याचं नीट वाईटही वाटत नाही नि अभिमानही वाटत नाही. पप्पांना जो दिसला तो त्यांनी विकत घेतला, पावतीसकट.

असो. त्या दुपारनंतर मी आधी यूट्यूबवर जपानी मशीनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. माझ्या इम्युलेटरशी तंतोतंत जुळत होतं. म्हणजे इम्युलेटर बरोबर, आई चुकली, विषय संपला असं वाटायला हवं होतं. पण गोम अशी की तिनं ऐकलेलं मशीन जपानी नव्हतंच. मग माळ्यावर चढलो. पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या अल्बमखाली, टीव्ही गेम होता. अ‍ॅडॉप्टरची वायर कडक झालेली, एका रिमोटचं लाल बटण गायब, आणि वास मात्र तोच, तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि थोडा तंबाखूचा, आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला यायचा तसा. पाच स्क्रू होते, त्यातला एक गंजून बसलेला, तो निघेपर्यंत संध्याकाळ झाली. आत झुरळाची अंडी आणि दोन लांबट काळ्या चिपा, चाळीस चाळीस पायांच्या. फुंकर मारली. (कॅसेटीला फुंकर मारणारी आमची अख्खी पिढी चुकीची होती, तोंडातल्या ओलीनं पिना खराब होतात, खरा फायदा काढून परत बसवण्याचा व्हायचा. पण हात जातोच.) मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा अक्षरं दिसली: एकीवर यूए ६५२७ पी, दुसरीवर यूए ६५३८. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या.

मग पुढचे चार दिवस मी ऑफिसचं काम कमी आणि ह्या दोन चिपांचं वाचन जास्त केलं. जे कळलं ते सांगतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

जपानी मशीन सेकंदाला साठ चित्रं काढतं, कारण तिथला टीव्ही तसा. आपला टीव्ही पन्नासवाला. जपानात एका चित्रात २६२ ओळी, आपल्याकडं ३१२. ह्या क्लोन, म्हणजे नकली, चिपा बनवणाऱ्यांनी हुशारी अशी केली की जास्तीच्या ओळी रिकाम्या घालवायच्या, म्हणजे साठच्या हिशेबानं लिहिलेला गेम पन्नासच्या टीव्हीवर न फाटता चालतो, फक्त सावकाश. आणि मारिओचं गाणं चित्रांच्या मोजणीवर चालतं, त्यामुळं तेही सावकाश, साठाला पन्नास. सूर मात्र जवळपास तोच राहतो कारण मेन चिपचा वेग दोन्हीकडं जवळपास सारखा, सेकंदाला सतरा लाखांच्या पुढं. म्हणजे कॅसेट प्लेअरचे सेल उतरल्यावर गाणं जसं जाड आणि संथ होतं तसं हे नाही, सूर जागच्या जागी आणि चाल सावकाश. हे झालं घाईचं. आता चिरकेपणाचं. ह्या मशीनमध्ये गाणं मुख्यतः दोन चौकोनी लहरींवर चालतं, आणि लहर किती वेळ वर राहायची हे प्रोग्रॅममधनं ठरवता येतं, अर्धा वेळ म्हणजे पन्नास टक्के, पाव वेळ म्हणजे पंचवीस. पन्नासचा आवाज पोकळ, भरलेला, घुमणारा. पंचवीसचा बारीक, नाकातला. मारिओचं ते पहिलं गाणं पन्नासवर आहे. आणि असल्या बऱ्याच क्लोन चिपांमध्ये ह्या दोन सेटिंगची अदलाबदल झालेली असते, पन्नास मागितलं की पंचवीस मिळतं, कुणीतरी दोन तारा उलट्या जोडाव्यात तसं.

चिरकं. घुमायलंय. आई शब्दाला शब्द बरोबर होती.

मला आधी हसू आलं आणि मग थोडं उदास वाटलं, का ते सांगता येणार नाही. जगभरातली माणसं वीस पंचवीस वर्षं बसून इम्युलेटर घासून घासून असे करतायत की मूळ मशीनशी एकेका ठोक्याचा फरक राहू नये. आणि माझं मूळ मशीनच नकली. मी जे 'जसंच्या तसं' शोधत होतो ते जपानातल्या कुठल्यातरी पोराचं होतं. आमच्या वाट्याला आलेली चूक कुणी कशाला जपेल?

तर, जपलीय. मेसेन म्हणून जो इम्युलेटर आहे त्याच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये एक चौकोन आहे, त्यावर टिक केली की पन्नास आणि पंचवीसची अदलाबदल होते, आणि शेजारी चक्क लिहिलंय की जुन्या क्लोनांसारखं. मशीनचा प्रकार निवडायच्या ठिकाणी 'डेंडी' म्हणून पर्याय आहे. डेंडी म्हणजे रशियात १९९२ पासनं विकला गेलेला असाच क्लोन, त्याच्यावरनं ह्या सगळ्या पन्नासवाल्या भावंडांना नाव पडलं. म्हणजे तिकडं बर्फात बसून कुणीतरी हेच चिरकं, संथ गाणं ऐकत मोठा झाला आणि त्याला खरं मशीन ऐकल्यावर तेच वाटलं असेल जे आईला वाटलं. आपल्याला सोलापूर जगाच्या एका कोपऱ्यात वाटतं, पण ह्या बाबतीत आमची साखर पेठ आणि सायबेरिया एकाच ट्रान्सफॉर्मरवर होते.

चौकोनावर टिक करून मी हेडफोन लावून ऐकलं. आईला लगेच ऐकवलं नाही. मला ते त्या जुन्या डब्यावरच वाजवायचं होतं.

त्यासाठी माझ्याकडं साधन होतं. दोन वर्षांपूर्वी मी एक फ्लॅश कॅसेट घेतलीय, एव्हरड्राइव्ह, युक्रेनमधला क्रिक्झ नावाचा माणूस बनवतो. दिसायला कॅसेटच, साठ पिनांची, आत मेमरी कार्ड जातं, आणि गेम निवडला की आतली चिप त्या गेमच्या कॅसेटीचं सर्किट आपल्या अंगावर घेते. तिची किंमत मी घरात कुणाला सांगितलेली नाही, इथंही नाही सांगणार. ती मी खेळण्यासाठी कमी आणि तपासण्यासाठी जास्त घेतली होती, कारण मधल्या काळात मला स्वतःचा गेम बनवायचं खूळ लागलं. होमब्रू म्हणतात त्याला. आजही माणसं ह्या चाळीस वर्षं जुन्या मशीनसाठी नवे गेम लिहितात, २०१९ साली 'मायक्रो मेजेस' म्हणून एक आला, चार जण एकत्र खेळू शकतात आणि अख्खा गेम चाळीस केबीत, मारिओ मावला होता तेवढ्यातच. तो बघितला आणि मला वाटलं आपणही काहीतरी करावं. माझ्या गेमचं नाव 'धोटा'.

'धोटा' सोपा आहे. माग चालू आहे, आडवा धागा घेऊन धोटा डावीकडनं उजवीकडं पळतोय, मधे मधे ताण्यातला उभा धागा तुटतो, तुम्ही तिथं जाऊन धोटा यायच्या आत गाठ मारायची. गाठ मारता मारता खाली चादर विणली जाते. चादरीची नक्षी ह्या मशीनला जणू शिवून दिल्यासारखी बसते, आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन आणि एका जागी तीन रंग अधिक मागचा एक, आपल्या जेकार्डच्या, म्हणजे नक्षीच्या मागावरच्या, चादरीला ह्याच्याहून जास्त कुठं लागतात. काम करायला मेमरी फक्त दोन केबी. हा लेख तिच्यात मावणार नाही, सुरुवातीचे एक दोन परिच्छेद गेले तरी खूप. त्यामुळं तुटलेला धागा लक्षात ठेवायला मी आधी एकेक अख्खा बाइट उधळत होतो, मग आठ धाग्यांना एक बाइट असं केलं, आणि तेव्हा खरंच जरा विणल्यासारखं वाटलं.

लॅपटॉपवर सगळं झकास चालत होतं. पहिल्यांदा जुन्या डब्यावर लावला तेव्हा, हे त्या माळ्यावरच्या प्रकरणानंतरचं सांगतोय, दहा गाठींपैकी दोन गायब. आठ दिसतायत, दोन नाहीत, पण गायब गाठीच्या जागेवर जाऊन बटण दाबलं तर गाठ बसते. अर्धा तास मी कॅसेटच काढघाल करत होतो. मग पेटलं डोक्यात. ह्या मशीनला एका आडव्या ओळीत आठच्या वर हलती चित्रं काढता येत नाहीत, नववं सरळ गाळलं जातं, आणि माझ्या इम्युलेटरमध्ये मी ती मर्यादा सोयीसाठी कधीतरी बंद करून ठेवली होती. माझ्या दहाही गाठी एका रांगेत. उपाय जुनाच आहे, प्रत्येक चित्रात गाळायची पाळी बदलायची, म्हणजे कुणीच कायमचं गायब होत नाही, सगळे थोडे थोडे लुकलुकतात. कॉन्ट्रामध्ये गोळ्या लुकलुकायला लागल्या की आम्ही टीव्हीवर थापट मारायचो ते आठवलं. टीव्हीचा काय दोष. तिकडं कुणीतरी पाळ्या लावून देत बसलेला असायचा.

पप्पांना 'धोटा' दाखवला. माग बंद पडून आता बरीच वर्षं झाली, मधली काही वर्षं त्यांनी वॉचमन म्हणून काढली. बराच वेळ बघत होते. म्हणले, "धागा तुटल्यावर माग थांबत न्हाई व्हय तुझा?" म्हणलं गेम आहे पप्पा. "मालक बरा दिसत न्हाई मग." एवढंच.

तर ज्या दिवशी हे लुकलुकणं जमलं त्याच संध्याकाळी. आमच्या टीव्हीला मागं अँटेनाचं भोक अजून आहे, अ‍ॅनालॉग चॅनेल शोधायला लावला, आधी मुंग्या, मग खर्र, मग चित्र. आई स्वयंपाकघरात. मी तिला काही सांगितलं नाही. मुद्दाम आवाजही वाढवला नाही. 'धोटा' काढला आणि मारिओ लावला. ते गाणं त्या डब्यातनं, त्या सावकाश चालीनं बाहेर आलं तेव्हा मला खाली माग चालू नाहीत ह्याचीच पहिली जाणीव झाली, कारण गाण्याच्या मधल्या मोकळ्या जागा रिकाम्या पडल्या होत्या. तिथं खटक खटक असायची. चिपांचा दोष सापडला होता, हे कुठल्या सेटिंगमध्ये मिळणार.

आणि मला तेव्हाच आठवलं की त्या मे महिन्यातल्या दुपारी, लॅपटॉपवर, मी तीनदा मेलो होतो. तिन्ही वेळा धून वाजली होती. आईनं हाक मारली नव्हती.

आता इथं एक हिशेब सांगायचा राहिला. लहानपणी आई कामाला पाठवायची तेव्हा आम्ही गेम थांबवायचो नाही, ती आमची पैज असायची. मारिओला पहिल्या लेव्हलच्या सुरुवातीला तसाच उभा ठेवायचा, टायमर चारशेवरनं उतरायला लागलेला, आणि कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन, सामान घेऊन, घाईचं गाणं लागायच्या आत परत यायचं. दादाला नेहमी जमायचं, मला कधीमधी. टायमरचा एक आकडा उतरायला चोवीस चित्रं लागतात. चारशेचे शंभर व्हायला साठच्या मशीनवर बरोबर दोन मिनिटं. आमच्या डब्यावर दोन मिनिटं चोवीस सेकंद. आम्हाला ती वरची चोवीस सेकंदं फुकटात मिळालेली होती आणि आम्ही ती किराणा दुकानातल्या रांगेत घालवत होतो.

हे डोक्यात चाललं होतं म्हणा किंवा हात गेलेत म्हणा, पहिल्याच लेव्हलच्या पहिल्याच खड्ड्यात मी पडलो. खरंच पडलो, मुद्दाम नाही. ती धून वाजली, चिरकी, नाकातली, शेवटी खाली उतरत जाणारी.

आतनं कुकरची शिट्टी झाली. आणि मग, "मेला ना? ऊठ मग, दूध संपलंय."

मी उठलो. मारिओ सुरुवातीला उभा होता, वर चारशेचा आकडा उतरायला लागला होता. पिशवी दाराच्या मागं होती, चप्पल एकच सापडली, दुसरी पप्पांची घातली, आणि जिना दोन दोन पायऱ्या उतरायला लागलो.